गिटारवरील स्वरसंघ

गिटारच्या तीन किंवा अधिक तारा एकदम छेडून निर्माण होणारा भिन्न स्वरांचा समूह. वादकांमध्ये त्यास ‘कॉर्ड’ हाच शब्द रूढ आहे. गिटारशिक्षणाचा आरंभ सामान्यतः आठदहा खुल्या स्वरसंघांनी होतो. त्यांत काही तारा बोटांनी दाबलेल्या व काही मोकळ्या असतात. त्यामुळे ते हातास सोपे आणि नादास भरदार असतात. बहुसंख्य हौशी वादकांचे शिक्षण तेथेच थांबते. दांडीवर कोठेही सरकविता येणारे बंद स्वरसंघ, त्यांचे लहान आकार आणि तीनपेक्षा अधिक स्वरांचे संघ हा त्यापुढील टप्पा होय. मराठी गीतांची साथ करणाऱ्या वादकास हा टप्पा टाळता येत नाही. कारण गायकाचा षड्ज त्याच्या गळ्याने ठरतो, गिटारच्या सोयीने नव्हे.

गिटारच्या सहा तारा जाड तारेकडून बारीक तारेकडे अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. त्यांचे कंपनांक सु. ८२·४, ११०, १४६·८, १९६, २४६·९ व ३२९·६ हर्ट्‌झ असतात. सर्वांत जाड तारेस सहावी व सर्वांत बारीक तारेस पहिली म्हणण्याचा प्रघात आहे. पेटीच्या भाषेत या तारा पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात व पुन्हा पांढरी तीन अशा लागतात. सर्व मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांच्या असल्यामुळे सहज हाती येणारे खुले स्वरसंघही पांढऱ्या पट्ट्यांचेच असतात : मेजर, म्हणजे शुद्ध गांधाराचे, सी, ए, जी, ई व डी, आणि मायनर, म्हणजे कोमल गांधाराचे, ए, ई व डी.

गिरणाकाठच्या भडगावात किंवा खानदेशातील तशाच एखाद्या गावी गिटार हाती घेणाऱ्याचा कान बहुधा भजनी मंडळाच्या पेटीवर घडलेला असतो. पेटीवर ‘काळी चार’ वा ‘पांढरी चार’ यांत वादकास मोठा भेद वाटत नाही. बोटे थोडी वेगळी पडतात एवढेच. गिटारवर मात्र हा भेद निर्णायक ठरतो. पुरुष गायक पुष्कळदा काळी एक किंवा काळी दोनमध्ये आणि स्त्रिया काळी चार वा काळी पाचमध्ये गातात. यांपैकी एकाही षड्जाचा स्वरसंघ खुल्या आकारांत सापडत नाही. ‘पट्टी बदला’ असे गायकास सांगणे हा यावरील उपाय नव्हे, कारण अर्ध्या स्वराने चढविलेली चाल वरच्या षड्जापाशी गळा ताणते आणि उतरविलेली चाल मंद्रात हरवते.

सरकत्या आकारांचे तत्त्व : सतारीचे पडदे सरकविता येतात, गिटारचे पडदे दांडीत कायमचे बसविलेले असतात. ते अशा हिशेबाने बसवितात, की प्रत्येक पडद्यागणिक स्वर ठीक अर्ध्या स्वराने चढावा. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या या योजनेत लगतच्या दोन स्वरांच्या कंपनांकांचे गुणोत्तर सु. १·०५९५ असते. मेरूपासून (दांडीच्या डोक्याकडील पट्टीपासून) घोडीपर्यंत तारेची लांबी ६५० मिमी. असेल, तर पहिला पडदा मेरूपासून ३६·५ मिमी., पाचवा १६३ मिमी. आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३२५ मिमी.वर येतो. पडद्यांमधील जागा घोडीकडे कमी होत जाते. पहिल्या पडद्यापूर्वीची जागा ३६·५ मिमी., तर चौथ्या व पाचव्या पडद्यांमधील जागा २९ मिमी. असते.

या समान विभागणीमुळेच एक विलक्षण सोय होते. बोटांचा एखादा आकार, त्यातील सर्व तारा दाबलेल्या असतील तर, जसाच्या तसा कितीही पडदे सरकविता येतो आणि त्याच जातीचा, पण वेगळ्या षड्जाचा स्वरसंघ देतो. खुल्या आकारात मोकळ्या तारांना मेरू अडवून धरतो. आकार पुढे सरकविला की मेरूचे ते काम तर्जनीने करावयाचे असते. तर्जनी आडवी ठेवून सहाही तारांवर टेकविण्याच्या या क्रियेस ‘बार’ म्हणतात. अशा रीतीने ई या खुल्या स्वरसंघाचा आकार एक पडदा पुढे नेला, की एफ म्हणजे पांढरी चार मिळते. चार पडदे पुढे नेला, की काळी चार व सहा पडदे पुढे नेला, की काळी पाच. ए चा आकार पाचव्या तारेवर आधारलेला असतो; तो चार पडदे पुढे नेल्यास काळी एक मिळते. बाजारातील पुस्तकांत शेकडो स्वरसंघांच्या आकृत्या असतात. त्या एकेक करून पाठ करणारा विद्यार्थी वस्तुतः दोनतीन आकृत्याच पुनःपुन्हा पाठ करीत असतो.

ई व ए यांचे आकार जवळजवळ वापरल्यास गीताच्या साथीतील तीन मुख्य स्वरसंघ एकाच जागी येतात. षड्ज सहाव्या तारेवर असेल, तर मध्यमाचा स्वरसंघ त्याच पडद्यावर ए च्या आकारात आणि पंचमाचा त्यापुढे दोन पडद्यांवर त्याच आकारात सापडतो. काळी चारसाठी चौथ्या पडद्यावर ई चा आकार, चौथ्यावरच ए चा आणि सहाव्यावर ए चा, एवढ्या हालचालीत बहुसंख्य भावगीतांचे धृपद वाजविता येते. षड्ज पाचव्या तारेवर असेल तेव्हा रचना उलटी होते. काळी एकमध्ये चौथ्या पडद्यावर ए चा आकार षड्जासाठी, दुसऱ्यावर ई चा आकार मध्यमासाठी आणि चौथ्यावर ई चा आकार पंचमासाठी घेतात. हा नकाशा एकदा कळला, की पट्टी बदलणे म्हणजे हात उचलून दुसऱ्या पडद्यावर ठेवणे, इतके सोपे होते. त्या बाबतीत गिटार पेटीहूनही सोयीची ठरते.

खुल्या मेजर आकारांपैकी उरलेले सी, जी व डी हेही सरकविता येतात. सी मेजर हा एकच स्वरसंघ मेरूपाशी सी च्या आकारात, तिसऱ्या पडद्यावर ए च्या, पाचव्यावर जी च्या, आठव्यावर ई च्या आणि दहाव्यावर डी च्या आकारात वाजतो. बाराव्या पडद्यावर पुन्हा सी चा आकार येतो. या पाच आकारांच्या साखळीने सबंध दांडी व्यापली जाते. जी चा पूर्ण आकार सरकवून वाजविणे हातास त्रासदायक आहे व तो क्वचितच वापरतात. परंतु दांडी वाचण्याची खूण म्हणून तो उपयुक्त असतो.

हाताची अडचण : एफ हा पहिला बंद स्वरसंघ बहुतेक विद्यार्थ्यांना पहिल्याच पडद्यावर शिकविला जातो आणि तेथेच पुष्कळांची गिटार भिंतीवर टांगली जाते. वास्तविक ती सर्वांत अवघड जागा होय. तेथे पडद्यामधील अंतर सर्वांत मोठे असते आणि मेरू अगदी जवळ असल्यामुळे तार दाबण्यास अधिक जोर लागतो. मेरूच्या खाचा पुरेशा खोल नसतील तर हा जोर आणखी वाढतो. तोच आकार पाचव्या पडद्यावर प्रथम साधून मग एकेक पडदा मागे येणे हा शहाणपणाचा क्रम आहे.

तर्जनीने सहाही तारा सारख्या दाबल्या पाहिजेत ही समजूतही चुकीची आहे. ई च्या मेजर आकारात पाचवी, चौथी व तिसरी या तारा इतर बोटांनी दाबलेल्या असतात; तर्जनीवर भार पडतो तो केवळ सहाव्या, दुसऱ्या व पहिल्या तारेचा. मायनर करताना एक बोट उचलले जाते आणि तिसरी तारही तर्जनीकडे येते. म्हणून मायनर दिसावयास सोपा, पण वाजविण्यास किंचित कठीण असतो. तर्जनीचा तळवा मऊ असून पेरांच्या सांध्यांपाशी त्यास खळगे असतात. बोट थोडे अंगठ्याच्या बाजूस कलते ठेवल्यास हाडाची कड तारेवर येते व कमी जोरात स्वर स्वच्छ निघतो. अंगठा दांडीच्या पाठीमागे साधारणतः मधल्या बोटासमोर असावा. दाब केवळ अंगठ्याच्या चिमटीने न देता कोपराच्या वजनाने दिल्यास हात लवकर थकत नाही. तळहातात वा मनगटात वेदना होऊ लागल्यास वादन थांबविणे आवश्यक असते. वेदना सोसून सराव वाढविण्याची पद्धत अपायकारक आहे.

अडचण पुष्कळदा हातात नसून वाद्यात असते. जळगाव-धुळे भागात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व हवा अतिशय कोरडी होते. अस्सल लाकडाच्या गिटारची तबकडी अशा वेळी आकसून किंचित खाली बसते, तारा पडद्यांना लागून खरखरतात आणि दांडीच्या कडांना पडद्यांची टोके बोचू लागतात. पावसाळ्यात उलट प्रकार होतो : तबकडी फुगते, तारा उंच उठतात आणि उन्हाळ्यात साधलेला बार जुलैमध्ये साधेनासा होतो. स्तरकाष्ठाच्या स्वस्त गिटारवर हा परिणाम कमी होतो. मात्र त्यांच्या तारा मुळातच फार उंच बसविलेल्या आढळतात. दुरुस्ती करणाऱ्याकडून मेरू व घोडी घासून घेतल्यास विद्यार्थ्याचे निम्मे कष्ट वाचतात.

कॅपो नावाची चाप दांडीवर बसवून खुले आकारच वेगळ्या पट्टीत वाजविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, की सी चा खुला आकार काळी एक, जी चा काळी चार आणि ए चा काळी पाच देतो. त्यास कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्पेनमधील फ्लामेंको वादक त्याचा सर्रास उपयोग करतात. तथापि गीताच्या मध्येच षड्ज बदलला किंवा दोन मुख्य स्वरसंघांमध्ये एखादा कोमल स्वरांचा स्वरसंघ आला, की कॅपो पुरा पडत नाही.

लहान आकार : सहा तारांच्या स्वरसंघात स्वर तीनच असतात, बाकीची त्यांची पुनरावृत्ती होय. ई च्या आकारात षड्ज तीनदा, पंचम दोनदा आणि गांधार केवळ एकदा येतो. ज्या स्वरावरून स्वरसंघाची जात ठरते, तो गांधारच सर्वांत दुबळा. यामुळे साथीत सहा तारा एकसारख्या खाजविल्या असता गाणाऱ्याचा आवाज झाकला जातो आणि स्वरसंघाचा रंगही उमटत नाही. चौथी, तिसरी व दुसरी या तीन मधल्या तारांवरच बोटे ठेवली तर चित्र बदलते. पांढरी एकमध्ये या तारांचे पाचवा, पाचवा, पाचवा असे तीन पडदे दाबले, की प-सा-ग हा षड्जाचा स्वरसंघ होतो. सातवा, पाचवा, सहावा यांनी ध-सा-म हा मध्यमाचा आणि पाचवा, चौथा, तिसरा यांनी प-नी-रे हा पंचमाचा स्वरसंघ मिळतो. षड्जाकडून मध्यमाकडे जाताना सा जागीच राहतो, ग अर्ध्या स्वराने म वर जातो आणि प एका स्वराने ध वर जातो. प्रत्येक तार जणू स्वतःची लहानशी चाल गाते. कंठसंगीताच्या संस्कारात वाढलेल्या कानास हे पटकन रुचते, कारण येथे ठोकळे बदलत नाहीत, स्वर चालतात. काळी एकसाठी हेच सर्व एक पडदा पुढे घ्यावयाचे.

या काटकसरीची परंपरा जॅझ संगीतात प्रतिष्ठित आहे. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ पन्नास वर्षे गिटार वाजविणारे फ्रेडी ग्रीन बहुधा तीन, कधी त्याहूनही कमी तारांवर स्वरसंघ धरीत. तरीही सबंध वृंदाची लय त्यांच्या गिटारवर तोललेली असे. फ्रान्समधील जँगो राइनहार्ट (१९१०–५३) यांच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ मध्ये आगीत भाजून अधू झाली. पुढे त्यांनी मुख्यतः उरलेल्या दोन बोटांनी व अंगठ्याने स्वतःचे आकार घडविले आणि ते जगातील श्रेष्ठ गिटारवादकांत गणले गेले. पुस्तकातील आकृतीत चार बोटे दाखविली आहेत म्हणून चारही वापरलीच पाहिजेत असे नाही.

तीनपेक्षा अधिक स्वरांच्या संघांत सप्तमयुक्त स्वरसंघ प्रमुख होत. पंचमाच्या स्वरसंघात मध्यम मिळविला, की प-नी-रे-म असा समूह होतो. त्यातील नी व म यांचा ताण सा व ग यांवर सुटतो. अंतऱ्यावरून धृपदाकडे परतताना हा ताण फार उपयोगी पडतो. ई च्या बंद आकारात चौथ्या तारेवरील बोट उचलले, की हाच प्रकार हाती येतो. षड्जाच्या स्वरसंघात शुद्ध निषाद मिळविल्यास स्वप्नाळू, काहीसा अधांतरी रंग येतो. तीन-तीन अर्ध्या स्वरांच्या अंतरावरील चार स्वरांचा ‘डिमिनिश्ड सप्तम’ हा स्वरसंघ आणखी वेगळा. त्याचा आकार दर तीन पडद्यांनंतर तेच स्वर देतो, त्यामुळे बारा स्वरांत असे भिन्न संघ केवळ तीन आहेत. दोन स्वरसंघांमधील पायरी म्हणून तो वापरतात. गांधाराऐवजी ऋषभ किंवा मध्यम घेतलेले स्वरसंघ ना मेजर असतात ना मायनर. भारतीय चालींस ते विशेष मानवतात. याचे कारण पुढे आले आहे.

इतिहास : सर्व पट्ट्यांतील स्वरसंघ शिकविण्याचा प्रयत्न नवा नाही. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील वैद्य जुआन कार्लेस आमात यांच्या पाच जोडतारांच्या गिटारवरील पुस्तिकेची पहिली आवृत्ती १५९६ ची मानतात. तीत बारा मेजर व बारा मायनर अशा चोवीस स्वरसंघांना क्रमांक देऊन ते वर्तुळात मांडलेले होते. कोणतीही चाल कोणत्याही पट्टीत वाजविता यावी हाच त्यामागील हेतू होता. इटलीत सतराव्या शतकाच्या आरंभी स्वरसंघांस अक्षरे देण्याची पद्धत पसरली. सहा एकेरी तारांची गिटार अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली आणि स्पॅनिश कारागीर आंतोन्यो दे तोरेस (१८१७–९२) यांच्या हातून तिला आजचे प्रमाणबद्ध रूप लाभले.

भारतात गिटार दोन वेगळ्या वाटांनी रुजली. हवाईयन पद्धतीत वाद्य आडवे ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवितात. तीत मींड उत्तम निघते, म्हणून ती रागसंगीताकडे वळली. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी तिला मैफलीचे वाद्य बनविले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ मध्ये निघाली. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेस १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिकाचा मान मिळाला. या वाटेवर स्वरसंघाचे प्रयोजनच उरले नाही. बोटांनी तारा दाबून वाजवावयाची स्पॅनिश गिटार मात्र स्वरसंघासाठीच आली व तिचे वाहक मुख्यतः गोमंतकीय होते.

गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपिवाचन व व्हायोलिन शिकविले जात असे; मांडोसारखे लोकप्रिय गीतही दोन आवाजांत, तिसऱ्या स्वराच्या अंतराने गाण्याची रीत आहे. पणजी येथे १९५२ मध्ये ‘आकादेमिया दे म्युझिका’ ही संस्था स्थापन झाली. पुढे ती कला अकादमीत समाविष्ट झाली. उपजीविकेसाठी मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांची वस्ती धोबी तलावाच्या परिसरात होती. १८६५ पासून पाश्चात्त्य वाद्यांचा व स्वरलिपींचा व्यापार करणारी ‘फुर्टाडोज’ ही पेढीही त्याच परिसरातील. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकी वादकाचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्या सुमारास आलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या सहवासात या वादकांनी सप्तमयुक्त व त्याहून गुंतागुंतीचे स्वरसंघ आत्मसात केले.

चित्रपटसंगीतात या ज्ञानाची गाठ हिंदुस्थानी चालींशी पडली. संगीतकार पेटीवर चाल बांधी. संयोजक ती स्वरलिपीत उतरवून घेई आणि तिच्याखाली स्वरसंघ लिही. पुणतांब्याचे सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–८२) यांना ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (आंतोन्यो शाविएर व्हाझ, १९१६–६७) यांचे साहाय्य लाभले व ‘अलबेला’ (१९५१) मधील गीतांत जॅझचा ठसका उतरला. फाळणीपूर्वी लाहोरात वाद्यवृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–९८) यांनी १९५० नंतरची सुमारे दोन दशके शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे संयोजन केले. चालीला धक्का न लावता तिच्याखाली स्वतंत्रपणे चालणारे स्वरप्रवाह ठेवण्याची त्यांची हातोटी पुढील संयोजकांना आदर्श ठरली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू. त्यांनी रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना केल्या व १९५८ मध्ये मुंबईत त्यांचा कार्यक्रम घडवून आणला. या साऱ्यांचे योगदान दीर्घकाळ श्रेयनामावलीबाहेरच राहिले, ही खेदाची गोष्ट होय. पुढे राहुल देव बर्मन यांच्या संगीतात गिटार साथीतून उठून अग्रभागी आली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ या गीताची गिटार गायक भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) यांनी वाजविलेली आहे.

राग व स्वरसंघ : स्वरसंघाचे शास्त्र ज्या संगीतात घडले, त्यात स्वर एकमेकांच्या आधाराने उभे राहतात, रागसंगीतात प्रत्येक स्वर अचल षड्जाशी नाते सांगतो. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकातील सा-म-प या मूळ स्वरांवरील तीन स्वरसंघांची त्रयी कोणत्याही मराठी गीताखाली सरसकट टाकता येत नाही. भूपाचेच उदाहरण घेतल्यास, त्यात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत. मध्यमाच्या स्वरसंघात (म-ध-सा) मध्यम येतो आणि पंचमाच्या स्वरसंघात (प-नी-रे) निषाद. म्हणजे त्रयीपैकी एकच, सा-ग-प हा, रागात बसतो. त्याच्या जोडीस ध-सा-ग हा मायनर, सा-रे-प आणि प-सा-रे हे गांधारविरहित संघ घेता येतात. खुल्या आकारांवर थांबलेल्या वादकास हे संघ हव्या त्या पट्टीत सापडत नाहीत आणि तो नाइलाजाने निषाद वाजवून भूपाचा भूप राहू देत नाही.

यमनात तीव्र मध्यमामुळे मध्यमाचा नेहमीचा स्वरसंघ नाहीसा होतो; त्याची जागा ऋषभावरील मेजर (रे-तीव्र म-ध) घेतो. षड्जावरून त्या स्वरसंघाकडे जाणे म्हणजे दोन पडदे पुढे सरकणे. भैरवीत पंचमावर स्थिर स्वरसंघच बनत नाही, कारण त्याचा ऋषभ व निषाद दोन्ही कोमल. तेथे कोमल ऋषभावरील मेजर (कोमल रे-म-कोमल ध) षड्जाच्या मायनरवर उतरविला, की भैरवीचा विसावा लाभतो. गिटारवर ही एका पडद्याची हालचाल आहे. मालकंसात अडचण षड्जापासूनच सुरू होते. पंचम वर्ज्य असल्यामुळे षड्जाचा पूर्ण स्वरसंघच रागबाह्य ठरतो. म-कोमल ध-सा या मध्यमावरील मायनरचा आधार घ्यावा, किंवा नुसते सा व म धरावेत, हे त्यास उत्तर.

याहूनही सूक्ष्म प्रश्न गांधाराचा आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार सप्तकाच्या १,२०० सेंटांपैकी षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. गिटारचा गांधार ४०० सेंटांवर. चौदा सेंटांचा हा फरक कसलेल्या कानास सहज जाणवतो. पंचमात तो केवळ दोन सेंटांचा, म्हणजे नगण्य, असतो. पेटीवरही हाच आक्षेप होता आणि आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात तिच्यावर घातलेल्या बंदीमागील तो एक मुद्दा होता. गिटार त्या वादात सापडली नाही, ती शास्त्रीय साथीस बसलीच नव्हती म्हणून. गायक गांधारावर ठेहराव घेत असेल, तेव्हा स्वरसंघातील गांधाराची तार सोडून द्यावी, सा व प तेवढे ठेवावेत. सहा तारांच्या बंद आकारात असे निवडक सोडणे अवघड जाते, तीन तारांच्या आकारात ते सहज साधते.

लोकगीतांबाबतही हीच काळजी हवी. जात्यावरील ओवीची चाल चारपाच स्वरांत फिरते व तिची झेप स्वरांपेक्षा शब्दांच्या वजनावर असते. तीत दर ओळीस स्वरसंघ बदलल्यास ओवीचे समूहगीत होते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ओवीवळणाच्या कवितांना वसंत पवार यांनी ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटासाठी चाली दिल्या आणि त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. अशा चाली गिटारवर धरताना चौथ्या व पाचव्या तारांवर सा-प ही जोडी घरघरीसारखी चालू ठेवावी. ओळ संपताना, गाणारी श्वास घेते त्या जागी, वरच्या दोन तारांवर ऋषभ किंवा मध्यम क्षणभर स्पर्शून परतावे. चालीवर भार पडत नाही.